पहिली टर्की: 45 डॉलरांत स्वयंपाकघराची तयारी

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या प्रत्येक दुकानात दाराशीच थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अख्खी टर्की (कोंबडीसारखाच, पण खूप मोठा पक्षी) भाजून जेवायच्या सणाचा मांड असतो. जाड स्टीलचा रोस्टिंग पॅन, त्यात बसणारी जाळी, रस ओढून घ्यायची पिचकारी, चरबी वेगळी करायचा चोचीचा जग, टर्की उचलायचे दोन मोठे काटे. सगळं घ्यायचं म्हटलं तर 200 डॉलर कधी उडाले कळत नाही, आणि एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये ते ठेवायला जागाही नसते. नव्याने आलेली कितीतरी मराठी जोडपी आणि विद्यार्थी तिथूनच माघारी फिरतात आणि तयार कोंबडी घेऊन घरी जातात.

मी न्यू जर्सीत 11 वर्षं दर थँक्सगिव्हिंगला टर्की करते. माझं मत आता पक्कं झालं आहे: पैसे थर्मामीटरवर खर्च करा, एक मजबूत ट्रे घ्या, आणि बाकीचं काम भारतातून आणलेल्या भांड्यांना करू द्या. आपली भांडी या कामाला किती चपखल बसतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं वाया गेली नसती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओव्हन रिकामा करा

आपल्या घरांत ओव्हन म्हणजे कढया आणि तवे ठेवायचं कपाट. ते सगळं बाहेर काढा, आणि टेपने आतली रुंदी मोजा. इथल्या नेहमीच्या 30 इंची शेगडीच्या ओव्हनमध्ये 18 बाय 13 इंचांचा ट्रे आरामात बसतो. घर जुनं असेल आणि शेगडी 24 इंची असेल, तर मात्र मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. मग खिडकी उघडून ओव्हन रिकामाच अर्धा तास तापवा. आधीच्या भाडेकरूंचं जे काही तळाशी सांडलेलं असेल, त्याचा धूर आजच होऊन जाईल. पाहुणे बसलेले असताना स्मोक अलार्म वाजण्यापेक्षा हे बरं.

फ्रीजचा खालचा कप्पाही मोजा. टर्कीला तिथे चार दिवस राहायचं आहे.

पक्षी किती मोठा घ्यायचा? माणशी एक पौंड धरला की पोटभर जेवण होतं आणि थोडं उरतंही. पहिल्या वेळी 10 ते 12 पौंडांच्या वर जाऊ नका. 20 पौंडांचा पक्षी उचलायलाच जड, बर्फ सुटायला पाच दिवस आणि भाजायला साडेचार तास. दोघंच असाल तर नुसती टर्कीची छाती मिळते, ती घ्या. खाली सांगितलेली सगळी भांडी तिलाही चालतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या दोन आठवड्यांत गोठवलेली टर्की खूप स्वस्त असते. काही दुकानं ठरावीक रकमेची खरेदी केली की फुकटही देतात, तेव्हा बिलाखालचा मजकूर वाचत जा.

थर्मामीटर: इथे काटकसर नको

साधारण 15 डॉलरांत सुईसारख्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर मिळतो. टोचला की दोन-चार सेकंदांत आकडा दाखवतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम स्पष्ट आहे: टर्की आतून 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सियस व्हायलाच हवी. रंगावरून ते कळत नाही. पूर्ण शिजलेली टर्कीही कधी कधी हाडाजवळ गुलाबी दिसते, आणि वरून छान तांबूस झालेली आतून कच्ची असू शकते. घड्याळावरूनही कळत नाही, कारण प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा. काही टर्कींच्या छातीत प्लास्टिकची एक खुंटी टोचलेली असते आणि शिजली की ती वर उडी मारते. तिच्यावर विसंबू नका.

कोविडच्या काळात घेतलेलं कपाळावर धरायचं इन्फ्रारेड यंत्र इथे उपयोगी नाही. ते फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतं, आपल्याला मांसाच्या आतलं हवं आहे. काट्याची तबकडी असलेला स्वस्त थर्मामीटर चालेल, पण तो दोन-अडीच इंच आत खुपसावा लागतो, कारण त्याचा मापणारा भाग लांब असतो. डिजिटलचा तो अगदी टोकाशी असतो. म्हणून मी डिजिटलच घ्या म्हणते.

घरी आणला की तपासून घ्या. पेला बर्फाच्या चुऱ्याने भरा, बर्फ बुडेल इतकंच गार पाणी घाला, ढवळा आणि सुई मधोमध धरा, पेल्याला लावू नका. अर्ध्या मिनिटात 32 फॅरनहाइट दिसायला हवं. 36 दिसलं तर दुकानात परत द्या.

टर्कीत तो तीन ठिकाणी टोचायचा: मांडी जिथे अंगाला चिकटते तिथे आतल्या बाजूला, पंखाच्या आतल्या भागात, आणि छातीच्या सगळ्यांत जाड भागात. सुई हाडाला टेकली तर आकडा चुकतो. टेकल्याचं बोटांना जाणवतं, एकदम कडक लागतं. तेव्हा थोडी मागे घ्या आणि पुन्हा वाचा. तिन्ही ठिकाणी 165 आलं की झाली. हा थर्मामीटर नंतर वर्षभर कामाला येतो, दह्याचं दूध कोमट झालं का बघायलासुद्धा.

ट्रे: तीन डॉलरचा चालतो, पण एकटा नाही

माझ्या पहिल्या वर्षी मी अॅल्युमिनियमचा वापरून टाकायचा ट्रे आणला. 13 पौंडांची टर्की त्यात ठेवली, तीन तास भाजली, आणि बाहेर काढताना दोन्ही कडा धरून उचलली. ट्रे मधोमध दुमडला. उकळती चरबी ओव्हनच्या तळावर सांडली, घर धुराने भरलं आणि माझ्या मनगटावर आजही एक पांढरा डाग आहे. चूक एवढीच झाली होती की त्या पातळ पत्र्याखाली आधार नव्हता.

आधार म्हणजे एक इंच उंच कडांचा अॅल्युमिनियमचा जाड बेकिंग ट्रे. इथे त्याला हाफ शीट म्हणतात, माप 18 बाय 13 इंच, किंमत साधारण 15 डॉलर. हॉटेलवाल्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत आणखी स्वस्त पडतो आणि तिथे सामान्य गिऱ्हाइकालाही बहुतेक ठिकाणी विकत घेता येतं. पातळ ट्रे यावर ठेवायचा आणि उचलताना हाफ शीटलाच हात घालायचा.

आता तर मी तो पातळ ट्रेही आणत नाही. टर्की थेट हाफ शीटवरच भाजते, आणि ती जास्त चांगली होते. खोल रोस्टिंग पॅनच्या भिंतींमुळे खालच्या मांड्यांना गरम हवा लागत नाही, छाती मात्र वर उघडी पडते आणि कोरडी होते. मांड्यांना शिजायला जास्त वेळ लागतो, म्हणजे नेमकं उलटं घडतं. बसक्या ट्रेवर हवा चहूबाजूंनी फिरते. 12 पौंडांच्या पक्ष्यातून सुटणारा रस एक इंचाच्या कडेत मावतो. फक्त ट्रे आडवा नेताना सावकाश न्या.

जाळी हवीच असं नाही. कांदे जाड चकत्यांमध्ये कापा, गाजरं आणि सेलरीचे दांडे अख्खे ठेवा, आणि त्यांची चटई करून वर पक्षी ठेवा. खाली रस झिरपतो, भाज्या त्यात शिजतात आणि पुढे रश्शाला त्यांचीच चव येते. भाज्या नको असतील तर फॉइलचा लांब तुकडा पिळून दोरी करा, तिचं इंग्रजी आठसारखं वेटोळं ठेवा. झाली जाळी.

ट्रे उचलताना सांडशी वापरू नका. कढईसाठी ती उत्तम आहे, पण 15 पौंडांचं ओझं सांडशीत फिरतं. दोन जाड, कोरडे टॉवेल घडी करून घ्या. कोरडे म्हणजे पूर्ण कोरडे, कारण ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला लागते.

घरातलंच काय काय चालतं

*परात.* भारतातून आणलेली 14-16 इंची स्टीलची परात हे टर्कीचं पहिलं घर. फ्रीजमध्ये बर्फ सुटताना जे पाणी गळतं ते तिच्यातच राहतं, खालच्या भाजीवर जात नाही. मीठ चोळायचं तेही परातीतच. ओव्हनमध्ये मात्र घालू नका. पातळ तळाला रस करपतो.

*प्रेशर कुकर.* मॅश्ड पोटॅटोसाठी इथली माणसं मोठ्या पातेल्यात बटाटे उकळत बसतात. आपण तीन शिट्ट्या काढतो.

*पावभाजीचा स्मॅशर.* दुकानात दहा डॉलरला जो पोटॅटो मॅशर विकतात, तो हाच. गरम बटाट्यात लोणी आणि कोमट दूध घालून हाताने चेचा. मिक्सरमध्ये घालू नका, बटाटा चिकट खळीसारखा होतो.

*रवी.* ग्रेव्ही करायला रवीसारखं साधन नाही. ग्रेव्ही आणि पिठलं ही भावंडंच आहेत, पुढे सांगते.

*स्टीलचा तांब्या.* चरबी वेगळी करायच्या जगाऐवजी. ट्रेमधला रस गाळून तांब्यात ओता आणि फ्रीझरमध्ये 15 मिनिटं ठेवा. चरबी वर येते, पळीने काढून घ्या. काचेचा पेला घेऊ नका, गरम रसाने तडकू शकतो.

*पितळी खलबत्ता* मिरीसाठी, *चहाची गाळणी* रसासाठी, आणि ब्रशऐवजी सेलरीची पाल्यासकट जुडी. लोण्यात बुडवून टर्कीवर फिरवायला ती चांगली लागते.

विकत घ्यायच्या आणखी दोन वस्तू: फॉइलचा रुंद रोल, पाचेक डॉलर, आणि दहा डॉलरची मजबूत किचन कात्री. थर्मामीटर आणि ट्रे धरून 45 डॉलर झाले. घरात धारदार सुरी नसेल तर खर्च वाढेल, पण सुरीला आधी धार लावून बघा. चिनी मातीच्या मगाचा तळ उलटा केला की बिनचकाकीची खरबरीत कड दिसते, तिच्यावर सुरी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा घासा.

पिचकारी घेऊ नका. दर अर्ध्या तासाने ओव्हन उघडून रस ओतत बसल्याने ओव्हन थंड होतो आणि कातडी मऊ पडते. टर्की तेलात तळायचं भांडंही नको. उकळत्या तेलाशी पहिल्याच वर्षी खेळू नये. अपार्टमेंट लहान असेल आणि धुराची फारच धास्ती असेल, तर ओव्हन बॅग ही स्वस्त सोय आहे: तापाला टिकणारी पिशवी, आत चमचाभर मैदा, त्यात टर्की. मांस रसदार होतं, कातडी कुरकुरीत होत नाही. पण पिशवी त्याच कामाची हवी, किराण्याची कागदी पिशवी ओव्हनमध्ये अजिबात नको.

मोठी भांडी उसनी मागायला संकोच करू नका. रोस्टिंग पॅन वर्षात एकदाच निघतो, त्यामुळे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं की कुणाच्या तरी कपाटातून मिळतोच. गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतही मिळतो. तिथे नॉनस्टिक थर खरवडलेला असेल तर सोडून द्या.

रविवार ते बुधवार

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, 1941 साली अमेरिकी काँग्रेसने ते कायद्यानेच ठरवलं. आपल्यासाठी यात एक अडचण अशी की कधी कधी तो मार्गशीर्षातला गुरुवार असतो. 2025 मध्ये 27 नोव्हेंबरला तसंच झालं. ज्यांच्या घरी महालक्ष्मीचं व्रत असतं, ते शनिवारी टर्की करतात आणि सुट्टी असल्याने पाहुण्यांनाही ते सोयीचं पडतं. तेव्हा पुढचे वार तुमच्या दिवसाप्रमाणे सरकवून घ्या.

रविवारी सकाळी टर्की फ्रीझरमधून काढून पिशवीसकट परातीत, फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात. हिशेब असा की प्रत्येक चार-पाच पौंडांना 24 तास. ओट्यावर ठेवून बर्फ सोडवू नका, बाहेरचा भाग गरम होऊन आत बर्फ तसाच राहतो आणि तेवढ्यात जंतू वाढतात. बुधवारीही दगड असेल तर घट्ट पिशवीसकट सिंकमध्ये गार पाण्यात बुडवा, पौंडाला अर्धा तास धरा, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अशी सोडवलेली टर्की मात्र लगेच शिजवायची, रात्रभर मुरत ठेवायची नाही.

बुधवारी संध्याकाळी पिशवी कापा. पोटाच्या आत मान असते आणि काळीज-पेटा वगैरेंची कागदी पुडी असते. कधी ती मानेकडच्या बाजूला, कातडीखाली लपलेली असते. दोन्हीकडे हात घालून बघा.

आता जी गोष्ट आपल्या हाताला सगळ्यांत जड जाते ती: टर्की धुवायची नाही. चिकन धुतल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, माझ्या आईला तर हे अजून पटलेलं नाही. पण नळाखाली धरलं की पाण्याचे शिंतोडे सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात आणि जंतू त्यांच्याबरोबर जातात. धुऊन ते मरत नाहीत, 165 अंशांना मरतात. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून खडखडीत कोरडी करा. कातडी कुरकुरीत होण्याचं गुपितही तेच.

मग मीठ. लेबल वाचा. मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असेल तर ‘सोल्युशन’ असा शब्द आणि टक्केवारी दिलेली असते, तिथे मीठ जवळजवळ नकोच. नसेल तर 12 पौंडांना आपलं बारीक मीठ दीड मोठा चमचा, त्यात कुटलेली मिरी. छातीवरची कातडी बोटांनी अलगद सैल करून थोडं आतही चोळा. परातीत, न झाकता, रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्या.

गुरुवार

ओव्हनची जाळी खालून दुसऱ्या खाचेत. तापमान 325 फॅरनहाइट, याच्या खाली नाही. भाज्यांची चटई, वर टर्की, छाती वर, सगळीकडे लोणी किंवा तूप. मी तूपच लावते, ते करपत नाही. पोटात एक अर्धा कांदा आणि लिंबू पुरे. सारण आत भरू नका, वेगळ्या भांड्यात भाजा, नाहीतर तेही आतपर्यंत 165 व्हायची वाट बघावी लागते आणि तोवर छाती सुकते.

12 पौंडांना साधारण तीन तास. दोन तासांनी पहिल्यांदा टोचून बघा, मग दर 20 मिनिटांनी. छाती फार लाल होत असेल तर तिच्यावर फॉइल सैल टाका. चरबी पेटली तर ओव्हन बंद करा आणि दार उघडू नका, हवा मिळाली नाही की आग विझते.

वेळ फारच कमी असेल तर कात्री बाहेर काढा. टर्की पालथी घालून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत जा, कणा काढून घ्या, पक्षी उलटा करा आणि छातीच्या हाडावर तळव्याने जोर द्या. कट असा आवाज येतो आणि ती सपाट बसते. 425 अंशांना साधारण दीड तासात होते आणि मांड्या-छाती एकाच वेळी शिजतात. टेबलावर चित्रासारखी दिसत नाही एवढंच.

झाली की बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवा. लगेच कापली तर रस सगळा पाटावर. या अर्ध्या तासात ओव्हन मोकळा असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींचे पदार्थ त्यात घाला. त्यांचा पाट आणि सुरी आधीपासून वेगळी ठेवा, आणि त्यांच्यासाठी लोण्यात कांदा-मशरूम परतून वेगळी ग्रेव्ही करा. कुणालाही ‘यात काय आहे’ असं विचारावं लागू नये.

ग्रेव्हीसाठी कढईत टर्कीची चार चमचे चरबी, त्यात चार चमचे मैदा. मंद आचेवर बेसनाच्या लाडवासारखा भाजा, कच्चा वास जाईपर्यंत. मग तांब्यातला रस आणि स्टॉक, म्हणजे मान आणि भाज्या उकळून गाळलेलं पाणी, मिळून दोन कप, एका हाताने धार धरत आणि दुसऱ्या हाताने रवी फिरवत. पिठल्यात गुठळी होऊ न देणारा हात इथेही कामाला येतो. पळी उलटी केली की मागच्या बाजूला पातळ थर राहिला पाहिजे. मीठ शेवटी चाखून घाला, रस आधीच खारट असतो.

कापताना पाट हाफ शीटमध्ये ठेवा, खाली ओला पेपर टॉवेल. रस ट्रेमध्ये जमतो आणि पाट सरकत नाही. आधी तंगडी बाहेर ओढा, सांधा दिसला की त्यातूनच सुरी घाला, हाडावर जोर लावू नका. मग छातीचं मधलं हाड बोटाने शोधा, त्याला घासून सुरी खाली नेत छातीचा अख्खा अर्धा भाग काढा आणि पाटावर आडव्या कापा करा.

जेवण झाल्यावर

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडावरून काढून बसक्या डब्यांत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. ट्रेमधली चरबी सिंकमध्ये ओतू नका, थंड झाली की पाइपमध्ये थिजते. रिकाम्या डब्यात गोळा करून कचऱ्यात टाका.

सांगाडा फेकू नका. मोडून कुकरमध्ये घाला, बुडेल इतकं पाणी, आलं, चार मिरी, तमालपत्र, पहिली शिट्टी झाली की मंद आचेवर पाऊण तास. शुक्रवारी सकाळी गाळून घेतलेलं ते पाणी तांदळाला वापरा आणि हाताने सोडवलेली मांडी सुक्या खोबऱ्याच्या वाटणात परता. आमच्या घरी मुलं गुरुवारपेक्षा या शुक्रवारच्या जेवणाचीच वाट बघतात.